कॅसेटमध्ये मावलेला रस्ता : 'रोड फायटर' आणि 'आउट रन'

१९९० च्या दशकात महाराष्ट्रात लहानाचे मोठे झालेल्या कोणालाही, म्हणजे तुमच्या मोठ्या भावाला, मावशीला किंवा वडिलांना, एक प्रश्न विचारून पाहा: टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममध्ये गाडीचा खेळ कोणता होता? उत्तर बहुधा 'रोड फायटर' असे येईल. वरून दिसणारा सरळसोट रस्ता, तळाशी एक लाल गाडी, बाजूला कमी होत जाणारे पेट्रोल आणि कठड्याला घासले की स्फोट. मग दुसरा प्रश्न विचारा: 'आउट रन' खेळला होता का? इथे बहुतेक जण मान हलवतील.

दोन्ही खेळ जपानी आणि दोन्ही मुळात आर्केडचे, म्हणजे नाणे टाकून उभ्या यंत्रावर खेळायचे. कोनामी कंपनीचा 'रोड फायटर' १९८४ चा आणि सेगाचा 'आउट रन' १९८६ चा. जगभरात गाडीच्या खेळांचा इतिहास लिहिताना 'आउट रन'ला मोठे प्रकरण मिळते, 'रोड फायटर'ला फार तर एक परिच्छेद. सांगली, जळगाव, लातूर इथल्या मुलांच्या बाबतीत मात्र हे प्रमाण नेमके उलटे आहे. असे का झाले, हे या टिपणात पाहू. 'आपण मागासलेले होतो' हे उत्तर मला आळशीपणाचे वाटते. खरे उत्तर यंत्राच्या रचनेत, किलोबाइटच्या हिशेबात आणि आयात शुल्काच्या टक्क्यांत आहे. त्यातले काहीही समजायला अवघड नाही.

आधीचा रस्ता

गाडीचा खेळ संगणकाच्या आधीचा आहे. जपानच्या कास्को कंपनीने १९६८ मध्ये 'इंडी ५००' नावाचे यंत्र आणले. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता. दिव्याच्या प्रकाशात फिरणाऱ्या चकत्यांवरील रस्त्याचे व गाड्यांचे चित्र पडद्यावर पडे आणि खेळणारा समोरचे स्टिअरिंग फिरवी. पुढच्याच वर्षी शिकागो कॉइन या अमेरिकी कंपनीने त्याच धर्तीवर 'स्पीडवे' बाजारात आणला. हे नाव लक्षात ठेवा, कारण नकलेचा विषय पुढे पुन्हा येणार आहे आणि तेव्हा बोट फक्त आपल्याकडे दाखवले जाऊ नये.

१९७४ मध्ये ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पीड रेस' तयार केला. हेच निशिकादो पुढे १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मुळे जगाला माहीत झाले. 'स्पीड रेस'मध्ये रस्ता वरून दिसतो आणि समोरच्या गाड्या पडद्याच्या वरच्या कडेकडून खाली सरकत येतात. खेळणाऱ्याची गाडी जागची पुढे जात नाही, फक्त डावी-उजवीकडे होते. वेग वाढवला म्हणजे बाकीचे सगळे खाली लवकर सरकते. 'रोड फायटर'चे मूळ इथे आहे. दोन वर्षांनी अटारीच्या 'नाइट ड्रायव्हर'ने वेगळी वाट धरली. काळा पडदा आणि रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खांब, एवढेच. रात्र आहे म्हटल्यावर रस्ता काढायचीच गरज उरली नाही. यंत्राची मर्यादा खेळाच्या गोष्टीत अशी लपवलेली पाहिली की मला आजही मौज वाटते.

म्हणजे १९७० च्या दशकातच दोन घराणी झाली. एका घराण्यात रस्ता वरून, नकाशासारखा दिसतो. दुसऱ्यात तो गाडीच्या मागून किंवा आतून, दूर निमुळता होत जाणारा दिसतो. पहिले घराणे स्वस्त आणि दुसरे महाग. या महागपणाची किंमत नेमकी कुठे मोजावी लागते, हे समजले की पुढचा इतिहास आपोआप उलगडतो.

निमुळत्या रस्त्याचा हिशेब

हे टिपण मी कुंभकोणमजवळच्या तिरुनीलक्कुडी या गावी लिहितो आहे. (तंजावरच्या मुलखात मराठी लिहिणारा मी काही पहिला नव्हे.) कावेरीच्या खोऱ्यातली ही जमीन तळहातासारखी सपाट आहे, भातशेतीतून रस्ते जातात आणि कडेला नारळ असतात. निमुळता रस्ता समजून घ्यायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही. तुमच्या गावाजवळ असा सपाट सरळ रस्ता असेल तर तिथे, गर्दी नसताना, कडेला उभे राहा आणि क्षितिजाकडे बघा.

आता तुमच्यासमोर काचेचा पडदा आहे आणि त्यावर क्षितिजापासून खाली आडव्या रेघा आखल्या आहेत असे समजा. क्षितिजाजवळची रेघ १, तिच्या खालची २, अशी मोजणी करू. सोयीसाठी असे आकडे घेऊ की,

अंतर (मीटर) = २०० ÷ रेघेचा क्रमांक

म्हणजे पहिल्या रेघेवर २०० मीटर दूरचा रस्ता दिसतो, दुसरीवर १००, दहावीवर २०, पन्नासावीवर ४ आणि शंभरावीवर २ मीटर. पहिल्या आणि दुसऱ्या रेघेच्या मधे तब्बल १०० मीटर रस्ता दडला आहे. पन्नासाव्या आणि एकावन्नाव्या रेघेत मात्र जेमतेम ८ सेंटिमीटर. म्हणूनच दूरचा नारळ बराच वेळ जागचा हलत नाही आणि जवळ आल्यावर झपकन बाजूने निघून जातो.

इथे मुद्दा असा की रस्ता सपाट आणि डोळ्याची उंची ठरलेली असेल तर हे अंतर दर वेळी नव्याने काढावे लागत नाही. शंभर रेघांचे शंभर आकडे एकदा काढून तक्त्यात ठेवले की काम झाले. पूर्वी आपण लॉगॅरिदमचे तक्ते वापरत असू, तसेच. रस्त्यावर गडद-फिकट पट्टे हवेत? तक्त्यातल्या अंतरात गाडीने कापलेले अंतर मिळवा, पट्ट्याच्या लांबीने भागा, भागाकार सम आला तर गडद आणि विषम आला तर फिकट. पट्टे आपल्याकडे धावत आल्यासारखे दिसतील.

मग वळण? इथली युक्ती आणखी छान आहे. खालच्या रेघेपासून वर जाताना प्रत्येक रेघ थोडी बाजूला सरकवायची, आणि ते सरकणे दर रेघेला थोडे थोडे वाढवायचे. पहिल्या रेघेला १ भाग, दुसरीला आणखी २, तिसरीला आणखी ३. एकूण सरकणे होते १, ३, ६, १०, म्हणजे त्रिकोणी संख्या. एक भाग म्हणजे पिक्सेलचा पन्नासावा हिस्सा धरला, तर शंभराव्या रेघेपर्यंत रस्ता १०१ पिक्सेल बाजूला गेलेला असेल. कागदावर काढून पाहा. जो वक्र मिळेल तो वर्तुळाचा नाही, पॅराबोलाचा आहे. डोळ्याला मात्र तो खरेखुरे वळण वाटतो. वळणावर गाडी बाहेर ओढली जाते तीही अशीच: वेग आणि वळण यांच्या प्रमाणात गाडीच्या जागेत एक आकडा मिळवायचा, बस्स. मेकॅनिक्सच्या परीक्षेत या उत्तराला मी गुण देणार नाही, पण खेळात हात आपोआप उलट दिशेला वळतो.

रस्ता झाला. खरी महाग गोष्ट त्याच्या कडेला उभी आहे: झाडे, पाट्या, इतर गाड्या. त्या जवळ येताना मोठ्या व्हायला हव्यात. त्या काळात चित्र लहान-मोठे करण्याचे काम प्रोसेसरने करायचे म्हटले तर बाकी काही करायला वेळच उरला नसता. त्यासाठी वेगळी सर्किटे लागत, आणि सर्किटे म्हणजे पैसे.

सेगाच्या 'टर्बो'ने १९८१ मध्ये आणि नामकोच्या 'पोल पोझिशन'ने १९८२ मध्ये हा खर्च केला. 'पोल पोझिशन'मध्ये जपानमधील फुजी स्पीडवे ही खरी शर्यतीची वाट होती, आणि मुख्य शर्यतीआधी पात्रता फेरी पार करावी लागे. त्याच्या बोर्डावर एक झेड-८० आणि दोन १६ बिटी झेड-८००२ असे तीन प्रोसेसर होते. लक्षात घ्या, त्या काळात एकटा झेड-८० असलेला संगणक लोक अभिमानाने घरात ठेवत असत.

सेगाची नारळाची वाट

यू सुझुकी यांनी सेगात १९८५ मध्ये 'हँग-ऑन' केला. त्यात खेळणारा प्रत्यक्ष मोटरसायकलच्या आकाराच्या यंत्रावर बसून ती कलवत असे. पुढच्या वर्षी 'आउट रन' आला. 'द कॅननबॉल रन' या अमेरिकी चित्रपटावरून सुझुकींना कल्पना सुचली होती. आधी अमेरिकेतला रस्ता घ्यायचा विचार होता, पण तिथली निर्जन लांब अंतरे खेळाला सोयीची वाटली नाहीत. मग ते युरोपात हिंडले आणि तिथली दृश्ये गोळा केली. मोनॅकोत त्यांना फेरारी टेस्टारोसा दिसली, आणि खेळातली उघड्या टपाची लाल गाडी तिच्यावर बेतली गेली.

'आउट रन' ही शर्यत नाही, गाडी चालवण्याचा खेळ आहे, अशी सुझुकींची भूमिका आहे, आणि खेळताना ती पटते. कोणाच्या पुढे जायचे नसते, फक्त वेळेत पुढचा टप्पा गाठायचा असतो. तोवरच्या खेळांत धडकले की गाडीचा स्फोट होई. इथे गाडी कोलांट्या खाते, आतले दोघे बाहेर फेकले जातात आणि पुन्हा बसून निघतात. सुरुवातीला रेडिओवर गाणे निवडायचे. हिरोशी कावागुची यांच्या तीन सुरावटींपैकी हवी ती घ्या आणि निघा. पहिल्या टप्प्याचे नाव 'कोकोनट बीच', म्हणजे सगळा नारळीचा किनारा. जपानी माणसाने युरोप हिंडून रचलेली ही वाट, पण तिचा पहिला मैल आपल्या कोकणातला म्हटला तरी चालेल.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो, डावीकडे किंवा उजवीकडे. एका खेळात पाच टप्पे पार करायचे, म्हणजे चार वेळा निवड. एकूण टप्पे १ + २ + ३ + ४ + ५ = १५, शेवटची ठिकाणे ५ आणि वाटा २ × २ × २ × २ = १६. पाच ठिकाणांना पोचण्याच्या वाटा मोजल्या तर १, ४, ६, ४, १ येतात. हा पास्कलचा त्रिकोण तुम्ही अकरावीत पाहिला आहे. द्विपद विस्तार शिकवताना नाणेफेकीऐवजी हे उदाहरण घेतले तर मागच्या बाकावरचेही वर बघतात, असा माझा अनुभव आहे.

आता दुभंगणारा रस्ता काढायचा कसा? वर पाहिलेली युक्ती एकाच रस्त्याची आहे. सेगाच्या अभियंत्यांनी रस्ता काढणारे सर्किट दोन रस्त्यांसाठी बांधले. एरवी दोन्ही रस्ते एकमेकांवर असतात किंवा शेजारी राहून रुंद मार्ग तयार करतात. फाटा आला की एकाचे सरकणे डावीकडे वाढत जाते, दुसऱ्याचे उजवीकडे. प्रत्येक रेघेचे आकडे प्रोसेसर मेमरीत लिहून ठेवतो आणि रेघ पडद्यावर उमटताना सर्किट ते वाचते. चढ-उतारही याच तक्त्यात फेरफार करून होतात: क्षितिज वर-खाली करायचे आणि तक्त्यातली अंतरे जवळ किंवा लांब ओढायची. बोर्डावर मोटोरोलाचे दोन ६८००० प्रोसेसर, आवाजासाठी वेगळा झेड-८०, यामाहाची सुरांची चिप, आणि शिवाय चित्रे लहान-मोठी करणारी ती महाग सर्किटे. झाडे, ढग, गाड्या, पाट्या, जे काही रस्त्यावर नाही ते सगळे या सर्किटांनी ताणलेले एकेक सपाट चित्र आहे. खोली कुठेच नाही. सगळ्यात महागड्या नमुन्यात तर बसायची जागाच मोटारीच्या साहाय्याने वळणावर डुलत असे.

खरी भूमिती पडद्यावर यायला १९९२ चा सेगाचा 'व्हर्चुआ रेसिंग' आणि १९९३ चा नामकोचा 'रिज रेसर' यावे लागले. त्यांच्यात रस्ता बहुभुजांचा झाला आणि रेघांचा तक्ता कालबाह्य ठरला. त्याची गोष्ट वेगळी.

आपल्याकडे काय पोचले

आता 'रोड फायटर'कडे वळू. कोनामीने तो १९८४ मध्ये आर्केडसाठी आणि १९८५ मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी काढला. फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला होता. त्याचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोक्यांवर चालणारा, कामासाठी मेमरी २ किलोबाइट, आणि चित्र काढायला एक स्वतंत्र चिप. ही चिप ८ × ८ पिक्सेलच्या फरश्या मांडून पार्श्वभूमी तयार करते आणि सगळी पार्श्वभूमी वर-खाली किंवा आडवी सहज सरकवते. वर हलणारी चित्रे ६४, पण एका आडव्या रेघेवर फक्त ८. चित्र लहान-मोठे करणे तिला अजिबात येत नाही.

या यंत्रावर वरून दिसणारा रस्ता जवळजवळ फुकटात मिळतो. फरशांचा रस्ता मांडा आणि खाली सरकवा, एवढेच. वेग दाखवायचा तर जास्त सरकवा. उरलेला सगळा वेळ प्रोसेसर गाड्यांच्या स्वभावाला देऊ शकतो, आणि 'रोड फायटर'ची खरी करामत तिथेच आहे. काही गाड्या आपल्या सरळ जातात. काही तुम्ही जवळ आलात की एकदाच आडव्या येतात. काही नागमोडी चालून वाट अडवतात. ट्रकला धक्का लागला तर संपलेच. साध्या गाडीला घासलात तर तुमची गाडी घसरते, आणि घसरत्या दिशेलाच चटकन वळवली तर सावरते. ब्रेक मारणाऱ्यापेक्षा स्टिअरिंग सांभाळणारा वाचतो, हे गुळगुळीत घाटरस्त्यावर चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आयुष्ये मोजलेली नाहीत, पेट्रोल मोजलेले आहे. रंगीबेरंगी गाडीला स्पर्श केला की पेट्रोल वाढते, म्हणजे बाकी सगळ्या गाड्या टाळायच्या आणि ही एकच गाठायची. वेगाचा काटा ४०० पर्यंत जातो.

हा खेळ आपल्यापर्यंत आला तो फॅमिकॉमच्या नकलांवर बसून. तैवान आणि चीनमध्ये बनलेल्या सुट्या भागांची किंवा आख्खी यंत्रे 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी इथे विकली जात. पुढच्या काळातल्या यंत्रात प्रोसेसर आणि चित्राची चिप एकाच तुकड्यात असे, आणि तो तुकडा बोर्डावर काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली बंद. सोबत 'कॅसेट' मिळे. कॅसेट म्हणायची पद्धत होती, आत फीत वगैरे काही नसे, फक्त मेमरीची चिप. तिच्यावर '९९९९९९९ इन १' असे काहीतरी छापलेले असायचे. प्रत्यक्षात गेम मोजके, बाकी यादी म्हणजे त्याच गेमची वेगळ्या टप्प्यापासून सुरुवात.

आता इथे किलोबाइटचा हिशेब येतो. फॅमिकॉमचे सुरुवातीचे गेम अगदी साध्या कॅसेटमध्ये बसत. प्रोग्रामसाठी १६ किंवा ३२ किलोबाइट आणि चित्रांसाठी ८, म्हणजे एकूण २४ किंवा ४०. पुढे गेम मोठे झाले तसे कॅसेटमध्ये मेमरीचे तुकडे आलटून-पालटून यंत्रापुढे आणणारी जादा चिप आली. अनेक गेम एकत्र भरणाऱ्याला हे मोठे गेम परवडत नाहीत: एक तर जागा जास्त, शिवाय प्रत्येक कंपनीची जादा चिप वेगळी. साध्या कॅसेटचे गेम मात्र एकापुढे एक रचता येतात आणि निवडीसाठी साधे सर्किट पुरते. 'रोड फायटर' या साध्या गटातला. 'काँट्रा' आणि 'सुपर मारिओ' आपल्याला आठवतात, पण त्यांच्याभोवतीची जी गर्दी आठवते ती जवळजवळ सगळी १९८३ ते १९८५ मधल्या, आकाराने लहान गेमची आहे. १९९५ मधले मूल दहा वर्षांपूर्वीचे गेम खेळत होते, यामागे त्याची आवडनिवड नव्हती. चिपची किंमत होती.

याच गटात निन्टेंडोचा १९८४ चा 'एफ-१ रेस' होता आणि तोही अशा कॅसेटमध्ये भेटे. म्हणजे निमुळता रस्ता आपल्याकडे अजिबात पोचला नाही असे नाही. तो गेम घडवण्यात सतोरू इवाता यांचा हात होता, जे पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. चित्राच्या चिपला न येणारी गोष्ट तिथे प्रोसेसरकडून करून घेतली आहे: टीव्हीवर एकेक रेघ उमटत असतानाच पार्श्वभूमीचे आडवे सरकणे बदलत राहायचे, की रस्ता वाकतो. पण प्रोसेसर त्यात इतका गुंततो की इतर गाड्या थोड्याच, आणि त्या लहान-मोठ्या होतात त्या आधीच काढून ठेवलेल्या वेगवेगळ्या मापांच्या चित्रांमुळे. मला विचाराल तर तांत्रिकदृष्ट्या 'एफ-१ रेस' जास्त अवघड आणि खेळायला 'रोड फायटर' जास्त चांगला. आमच्या गल्लीचाही कौल तोच होता.

आणि 'आउट रन'? त्याची आर्केड आवृत्ती या कॅसेटमध्ये मावण्याचा प्रश्नच नव्हता. फॅमिकॉमला चित्र लहान-मोठे करता येत नाही आणि दोन ६८००० कुठून आणणार? घरात यायचा तर तो सेगाच्या स्वतःच्या यंत्रावर. १९९१ मध्ये सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी 'आउट रन' निघाला. १९९५ मध्ये सेगाने भारतात शॉ वॉलेसबरोबर वितरणाचा करार करून मेगा ड्राइव्ह आणलाही. करारामागचे एक कारण ८० टक्के आयात शुल्क चुकवणे हे होते. तरीही किंमत १८,००० रुपये. १९९५ मध्ये १८,००० रुपये म्हणजे काय, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. तेवढ्यात रंगीत टीव्ही येत असे. नकलेचे यंत्र त्याच्या लहानशा अंशात मिळे, आणि तेही परवडत नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात तासाच्या भाड्यावर खेळता येई. सांगलीत अशा एका दुकानात आम्ही चौघे मिळून अर्धा तास विकत घेत असू आणि 'रोड फायटर'चा एकेक टप्पा वाटून घेत असू.

नकल, नाव आणि वेग

या कॅसेटी चोरीच्या होत्या, हे आडपडदा न ठेवता सांगायला हवे. कोनामीला त्यातून काही मिळाले नाही. अनेकदा सुरुवातीच्या पडद्यावरचे कंपनीचे नाव आणि वर्ष पुसलेले असे. परिणामी एका आख्ख्या पिढीला आपल्या आवडत्या खेळाचा कर्ता ठाऊक नाही. माझ्या वर्गात विचारल्यावर 'चायनाचा गेम' हे उत्तर मिळते, आणि ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटते. ज्यांनी १६ किलोबाइटमध्ये घसरणारी गाडी बसवली त्यांचे श्रेय कॅसेट भरणाऱ्याच्या नावे गेले आहे.

पण वर 'स्पीडवे' लक्षात ठेवायला सांगितले होते ते यासाठी की या धंद्यात हात स्वच्छ असलेले थोडे. 'आउट रन'मधल्या गाडीसाठीही सेगाने १९८६ मध्ये फेरारीची परवानगी घेतलेली नव्हती. रीतसर परवाना आला तो २००३ च्या 'आउट रन २'ला. अलीकडे मूळ खेळ नव्या यंत्रांवर पुन्हा निघाला तेव्हा गाडीचा आकार थोडा बदलावा लागला. फरक ताकदीचा आहे: फेरारीला आपले नाव वसूल करता आले, कोनामीला मिरजेच्या बाजारात ते करता आले नाही.

नकलेविरुद्धच्या उपायांनीही इतिहासाचे नुकसान केले. सेगाने १९८९ च्या 'टर्बो आउट रन'सारख्या यंत्रांत एक खास प्रोसेसर वापरला. त्यातला प्रोग्राम कुलूपबंद असतो आणि कुलपाची किल्ली बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि धडधाकट बोर्ड मुका होतो. अशी कितीतरी मूळ यंत्रे बंद पडली. हौशी संशोधकांनी पुढे त्या किल्ल्या उकलल्या म्हणून ते गेम आज चालवता तरी येतात. उलट, चोरीच्या कॅसेटमधला 'रोड फायटर' कुलूप नसल्यामुळे आजही माळ्यावरून काढून चालू होतो.

नाव पुसणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट मात्र सुटली. 'रोड फायटर'मध्ये बराच वेळ न धडकता गाडी हाकली की रस्त्याच्या कडेने एक उडणारा माणूस वर जातो आणि १००० गुण देतो. आम्ही त्याला सुपरमॅन म्हणत असू. तो सुपरमॅन नव्हे, कोनामीमॅन. कंपनीने आपल्या अनेक गेममध्ये लपवलेले हे आपले पात्र. पहिल्या पडद्यावरची अक्षरे खोडणे सोपे होते, प्रोग्रामच्या आत उडणाऱ्याला शोधून काढण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

आता शेवटचा मुद्दा, जो तुम्ही स्वतः मोजून पाहू शकता. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो. आपण १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू करताना पाल पद्धत घेतली, तिच्यात हा आकडा ५०. फॅमिकॉमचे गेम वेळ मोजतात ती चित्रांत, सेकंदांत नव्हे: दर चित्राला रस्ता इतका सरकवायचा, इतक्या चित्रांनी पेट्रोल एकने कमी करायचे. तोच प्रोग्राम ५० च्या यंत्रावर टाकला की सगळे काही ५/६ वेगाने चालते. जपानमध्ये ६० सेकंदांत संपणारा रस्ता इथे ७२ सेकंद पुरतो. काटा ४०० दाखवत असताना आपली गाडी जपानी हिशेबाने ३३३ ने धावत होती. संगीतही तितकेच संथ. पेट्रोलही त्याच प्रमाणात हळू संपत असल्याने खेळाचा तोल बिघडत नाही, पण समोर ट्रक आला तर निर्णयाला आपल्याला २० टक्के जास्त वेळ मिळे.

घरात जुने यंत्र असेल तर पहिल्या टप्प्याला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. मग इंटरनेटवर जपानी यंत्रावर कोणी खेळतानाचे चित्रण शोधून, त्याच टप्प्यात काटा ४०० वर असतानाचा सारख्याच लांबीचा तुकडा मोजा. दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर १.२ च्या जवळ यायला हवे. वेगळे आले तर आधी धडका किती झाल्या ते तपासा, मग यंत्र उघडून स्फटिकावर छापलेली वारंवारता वाचा.